रनिंग-इन झालं का?

नवी गाडी दारात आली की मराठी माणूस पहिली गोष्ट काय करतो? शोरूमवाल्याने दिलेली जाडजूड पुस्तिका न उघडता डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकतो आणि नारळ कुठे मिळेल याची चौकशी सुरू करतो. आम्हीही त्यातलेच. गेल्या नोव्हेंबरात सालमियातल्या आमच्या इमारतीमागच्या पार्किंगमध्ये हा सोहळा यथासांग पार पडला. सौ.ने बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, चारी चाकांखाली लिंबे ठेवली. इमारतीचा हारिस हात मागे बांधून हा सगळा प्रकार गंभीरपणे पाहत होता. चांगली लिंबे चिरडली गेल्याची त्याला हळहळ वाटली असावी. पेढा हातात पडल्यावर ती गेली.

गाडी आमची नव्हे, कन्येची. इथेच शाळा शिकलेली, पुण्याला पदवी घेऊन नोकरीसाठी पुन्हा इथेच आलेली आमची एकुलती एक लेक. स्वतःच्या पगारातून घेतलेली तिची ही पहिली गाडी. बापाचे काम खरे म्हणजे पेढे आणण्यापुरतेच होते. पण बाप झाला म्हणून गप्प थोडाच बसतो? नारळ फुटतो न फुटतो तोच आम्ही सूचना सोडली.

"हे बघ, पहिले हजार किलोमीटर साठच्या वर जायचं नाही. रनिंग-इन करावं लागतं."

"बाबा, ते स्कूटरच्या जमान्यात. आता इंजिनं कारखान्यातून तयारच होऊन येतात. आणि फिफ्थ रिंग रोडला मी साठनं गेले ना, तर मागचा लँडक्रूझरवाला माझंच रनिंग-इन करून टाकेल."

झाले! घरात दोन पक्ष पडले. एक साठवाल्यांचा आणि एक 'काही गरज नाही'वाल्यांचा. सौ. तेवढ्यापुरत्या तटस्थ राहिल्या, कारण पेढे वाटायचे होते.

आमच्या पिढीच्या वाचकांना रनिंग-इन म्हणजे काय ते सांगायला नको. एके काळी आपल्याकडे स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अशी तपश्चर्या करून मिळवलेली बजाज चेतक आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, सदाशिव पेठेतल्या वाड्यात आणली, तेव्हा पहिले दोन महिने तिला कुणी हात लावायचा नाही अशी आज्ञा होती. कोणत्या गिअरला किती वेग, हे पुस्तिकेतले आकडे त्यांनी तोंडपाठ केले होते. टू-स्ट्रोक इंजिन, त्यामुळे पेट्रोलमध्ये ऑईल मापून घालायचे, तेही पंपावरच्या पोऱ्यावर विश्वास न ठेवता स्वतःच्या देखत. रस्त्यावर फियाट आणि अँबेसेडर दिसत, त्यांच्यातल्या नव्या गाडीच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन' असा कागद चिकटवलेला असे. मागच्याने समजून घ्यावे, हॉर्न वाजवू नये, बाजूने निघून जावे. आणि गंमत म्हणजे लोक खरोखरच समजून घेत. नवी गाडी म्हणजे बाळंतीण, तिला चार दिवस सांभाळून घ्यायचे, हे सगळ्या रस्त्याला मान्य होते.

तर एका रात्री जेवणे झाल्यावर वाद मिटवायचे ठरले. कन्येने कप्प्यातली ती पुस्तिका वर आणली. आम्हाला वाटले, आता आपला विजय. तिला वाटले, आपला. पुस्तिकेने दोघांनाही तोंडघशी पाडले.

रनिंग-इन आजही आहे. जवळजवळ प्रत्येक पुस्तिकेत त्याचे एखादे पान असते. आकडे कंपनीप्रमाणे बदलतात, पण साधारण पहिले १,००० ते १,६०० किलोमीटर जपा, असेच सगळ्या सांगतात. तेव्हा 'काही गरज नाही' हा पक्ष बाद. पण साठवाला पक्षही बाद! कारण 'हळू चालवा' असे त्यात कुठेही नव्हते. अतिवेग नको, एकदम जोरात उचलू नका, पहिले काही शे किलोमीटर करकचून ब्रेक मारू नका, हे होते. आणि शेवटी एक ओळ होती जी आम्ही चाळीस वर्षांत कधी वाचलीच नव्हती: फार वेळ एकाच वेगाने गाडी चालवू नका, मग तो वेग जास्त असो की कमी.

"एकाच वेगानं का नाही?" कन्येने विचारले. आम्ही इंजिनिअर असलो तरी पाइपलाइनवाले. त्यामुळे विषय नीट वाचून काढावा लागला. तो असा.

सिलिंडरमध्ये पिस्टन खालीवर होतो. पिस्टनला रिंगा असतात. त्यांचे काम दुहेरी. वरचा जळता वायू खाली निसटू द्यायचा नाही आणि खालचे ऑईल वर चढू द्यायचे नाही. त्यासाठी रिंग सिलिंडरच्या भिंतीला सगळीकडून बेमालूम टेकली पाहिजे. पण नवी रिंग आणि नवी भिंत यांची अजून ओळख झालेली नसते. म्हणून कारखान्यात सिलिंडरची भिंत मुद्दाम अगदी गुळगुळीत करत नाहीत. तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा मारतात. रेघांच्या खाचांत ऑईल धरून राहते, आणि दोन खाचांमधले जे बारीक उंचवटे असतात, ते रिंगेच्या घर्षणाने झिजतात. झिजता झिजता रिंग आणि भिंत एकमेकींना जुळतात. यालाच रिंगा बसणे म्हणतात.

इथपर्यंत सांगितल्यावर भांडी आवरता आवरता सौ. म्हणाल्या, "म्हणजे पाट्याला टाकी लावतात तसं."

वाचकहो, आम्ही दोन दिवस तांत्रिक पुस्तके वाचली होती आणि या बाईने एका वाक्यात निकाल लावला. खरेच की! गुळगुळीत झालेल्या पाट्यावर चटणी वाटली जात नाही, नुसती सरकते. म्हणून तर दारावर टाकीवाली यायची आणि छिन्नीने पाट्याला टवके पाडून जायची. आणि नवी टाकी लावली की पहिले वाटण टाकून द्यायचे, कारण त्यात दगडाची कच येते. पूर्वी नव्या गाडीचे पहिले ऑईल पाच-सातशे मैलांतच काढून टाकत, ते याच कारणाने. झिजलेल्या धातूचा कण न् कण त्यात उतरलेला असे. आता यंत्रकाम फार सफाईचे झाले आहे, झीज पूर्वीइतकी होत नाही, म्हणून पहिले ऑईल कधी बदलायचे ते पुस्तिका सांगेल तसे करावे. लवकर बदललेले बरे, असा आगाऊपणाही करू नये. काही कंपन्या पहिले ऑईल ठरल्या वेळेपर्यंत मुद्दाम राहू द्यायला सांगतात.

आता एकाच वेगाचे कोडे. रिंग भिंतीवर दाबली जाते ती मुख्यतः जळत्या वायूच्या दाबाने. वायू रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. इंजिनवर थोडा भार पडला तर दाब वाढतो आणि रिंग चांगली घासते. पाय सोडला की दाब उतरतो, घासलेला भाग ऑईलने धुतला जातो, निवतो. हे चढउतार जितके जास्त, तितकी रिंग छान बसते. उलट गाडीला अगदी फुलासारखे जपत रोज पंचेचाळीसने नेले, तर रिंगेला दाबच मिळत नाही. उंचवटे झिजायच्याऐवजी भिंतीवर ऑईलचा चकचकीत थर चढतो, खाचा बुजतात, आणि पुढे जन्मभर गाडी ऑईल पीत राहते. म्हणजे अति लाड केले तरी इंजिन बिघडते आणि पहिल्याच दिवशी पिटाळले तरी बिघडते. आम्ही कन्येकडे पाहिले. कन्येने आमच्याकडे पाहिले. विषय बदलला.

आता आपल्या कुवेतची पंचाईत पाहा. इथले रस्ते रनिंग-इनच्या मुळावरच उठलेले आहेत. महामार्ग सरळसोट, वेगमर्यादा १२०, गाडीत वेग धरून ठेवणारे बटण. बटण दाबले की वफ्रा येईपर्यंत पाय हलवायला नको. म्हणजे पुस्तिकेने जे करू नका म्हटले, नेमके तेच. दुसरीकडे सकाळी कामाच्या वेळी रिंग रोडवर तासभर मुंगीच्या पावलाने चालायचे, एसी पूर्ण वाढवून. ही इंजिनला वेगळीच शिक्षा. इथला उन्हाळा कसा ते सांगायला नको. २१ जुलै २०१६ रोजी आपल्या मित्रीबा इथे ५३.९ अंशांची नोंद झाली होती. अशा हवेत गाडी नुसती उभी ठेवून एसी चालवला तर वाऱ्याचा झोत नाही, पंख्याला विश्रांती नाही आणि रिंगांना दाबही नाही.

मग मार्ग काय? आम्ही बापलेकीने शोधला तो असा. शुक्रवारची पहाट. रस्ते मोकळे असतात, हवा थंड असते. गल्फ रोडवरून सुरुवात करायची. तिथे सिग्नल आहेत, थांबणे-उचलणे आपोआप होते. इंजिन तापल्यावर रिंग रोड. ऐंशीवरून शंभरावर न्यायचे, मग पाय सोडून पुन्हा ऐंशीवर येऊ द्यायचे, मागे कुणी नाही हे पाहून. डाव्या लेनमध्ये हे प्रयोग करायचे नाहीत. २२ एप्रिल २०२५ पासून नवा वाहतूक कायदा लागू झाला आहे, दंड चांगलेच वाढले आहेत, आणि 'रनिंग-इन चालू आहे' ही सबब कॅमेऱ्याला कळत नाही. पेट्रोल पुस्तिकेत सांगितलेल्या ऑक्टेनचेच. ९१ चालत असेल तर ९८ घालून रिंगा जास्त छान बसत नाहीत, फक्त पाकीट हलके होते. टायरही पहिले काही दिवस थोडे निसरडे असतात आणि ब्रेकचे पॅडही चकतीला बसायचे असतात, तेव्हा पुढच्या गाडीपासून अंतर जरा जास्त ठेवायचे. विजेच्या गाडीवाल्यांनीही एवढे पाळावे. त्यांच्याकडे रिंगा नाहीत, पण टायर आणि ब्रेक आहेतच. एवढे केले की झाले. यात अवघड काही नाही.

असे तीन शुक्रवार झाले. चौथ्या शुक्रवारी कन्या म्हणाली, "बाबा, आज चढ पाहिजे. पुस्तकात लिहिलंय ना भार पडला पाहिजे."

कुवेतमध्ये चढ! हा देश तळहातासारखा सपाट. चढ म्हणावा असा एकच, जाहराच्या पुढे मुतल्याचा. म्हणजे ८० नंबरचा रस्ता. अब्दलीचा. आम्ही 'बरं' म्हणालो, पण घशात काहीतरी अडकले. त्या रस्त्याने अब्दलीपर्यंत आम्ही एकदाच गेलो होतो, आणि तेही रनिंग-इन चालू असलेल्या नव्या गाडीतूनच.

१९९० चा जुलै. आम्ही कुवेतला येऊन तीन वर्षे झाली होती, लग्नाला एक. हप्त्यावर घेतलेली पांढरीशुभ्र जपानी गाडी दारात आली. आयुष्यातली पहिली. अण्णांना पत्र लिहिले. त्यांचे उत्तर आले, त्यात अभिनंदन एक ओळ आणि रनिंग-इनच्या सूचना दीड पान. आम्ही त्या आज्ञाधारकपणे पाळत होतो. बुधवारी १ ऑगस्टला रात्री फाहाहीलहून परत आलो तेव्हा काट्यावर चारशेच्या आसपास आकडा होता. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी २ ऑगस्टला, पहाटे जाग आली ती तोफांच्या आवाजाने. इराकी सैन्य शहरात शिरले होते.

पुढचा महिना गाडी इमारतीखाली आच्छादन घालून उभी होती. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. तीन गाड्या, चौदा माणसे. आमच्या गाडीत आम्ही दोघे, शेजारचे एक जोडपे आणि त्यांचा चार वर्षांचा मुलगा. टपावर बोचकी, मागे पाण्याचे कॅन. जाहरा, मुतला, अब्दली, सरहद्दीपलीकडे सफवान, मग बसरा, बगदाद आणि तिथून पश्चिमेला वाळवंटातून जॉर्डनच्या सीमेपर्यंत. दिवसा उन्हाने लोखंड भाजत असे, म्हणून शक्यतो रात्री. ठिकठिकाणी सैनिक थांबवत. थांब, कागद दाखव, पुन्हा निघ. मध्येच ट्रकांच्या रांगेमागे तीसने, मोकळा रस्ता दिसला की भीतीने नव्वदने. आज ध्यानात येते की एवढे शास्त्रशुद्ध रनिंग-इन आम्ही दुसऱ्या कुठल्याही गाडीचे केलेले नाही! पुस्तिकेला टपावरचा बोजा फक्त पसंत पडला नसता.

जॉर्डनच्या सीमेवर पेट्रोल संपत आले होते. पुढे लोकांना बसने नेत होते. आमच्यासारख्यांच्या कितीतरी गाड्या वाळूत ओळीने सोडून दिलेल्या होत्या. आम्हीही एका बाजूला लावली. सवयीने काच वर केली, दार लॉक केले. सौ. म्हणाली, "लॉक कशाला?" त्याला उत्तर नव्हते. शेवटचे पाहिले तेव्हा काट्यावर १,६४८ होते. चावी खिशात राहिली.

पुढे तंबूत काही रात्री, मग अम्मान आणि तिथून एअर इंडियाचे विमान. १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर १९९० या काळात एअर इंडियाने ४८८ उड्डाणे करून एक लाखाहून अधिक माणसे मायदेशी आणली. त्यांतले आम्ही दोन. मुंबईहून एस.टी.ने पुण्याला पोहोचलो. हातात एकच पिशवी. वाड्याच्या दारात अण्णा उभे होते. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. काय बोलावे हे त्यांना सुचत नसावे. मग पिशवी हातातून घेत म्हणाले, "रनिंग-इन झालं का रे?"

आम्ही म्हणालो, "झालं." आणि मग दोघांनाही रडू आवरेना.

कुवेत २६ फेब्रुवारी १९९१ रोजी मुक्त झाले. पुढच्या वर्षी आम्ही परत आलो. संयुक्त राष्ट्रांच्या नुकसानभरपाई आयोगाकडे अर्ज केला. त्यात गाडीचाही दावा होता, आणि काही वर्षांनी पैसेही आले. इराकने या भरपाईचा शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये भरला, तेव्हा पेपरात वाचून वाटले, चला, ती गाडी आता कागदोपत्रीसुद्धा संपली. त्यानंतर इथे आम्ही चार गाड्या वापरल्या. चारही जुन्या घेतलेल्या. नवी कोरी का घेतली नाही? किंमत हे कारण आम्ही सगळ्यांना सांगत आलो.

हे सगळे त्या शुक्रवारी मुतल्याच्या चढावर कन्येला सांगितले. तिला 'आम्ही नव्वदमध्ये अम्मानमार्गे आलो' एवढेच ठाऊक होते. घरातल्या खिळ्याला टांगलेली चावी कशाची, हे तिने कधी विचारले नव्हते आणि आम्ही सांगितले नव्हते. तिच्या गाडीला तर चावीच नाही, बटण आहे. ती मुकाट्याने चालवत होती. बाहेर थंडीतले तंबू लागलेले, मुतल्याला नवे शहर उठते आहे, त्याच्या इमारती. फेब्रुवारी १९९१ मध्ये याच रस्त्यावर माघार घेणाऱ्या इराकी सैन्याच्या जळालेल्या वाहनांची मैलोगणती रांग होती, हे आज कुणाला सांगून खरे वाटायचे नाही.

अब्दलीच्या शेतांवर तिने टोमॅटो आणि काकड्या घेतल्या. परत निघताना म्हणाली, "बाबा, तुम्ही चालवा." पस्तीस वर्षांनी नवी कोरी गाडी हातात आली. स्टिअरिंग धरले आणि समोर पाहत राहिलो. किती वेळ गेला कळले नाही.

"बाबा."

"काय गं?"

"कधीपासून नव्वदवरच आहात. एकच वेग नको ना. जरा उचला, मग सोडा."

उचलली. सोडली. पुन्हा उचलली. घरी येईपर्यंत इंजिनचा आवाज मऊ झाल्यासारखा वाटला. कदाचित कानच मऊ झाले असतील.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, मंगळवारी दुपारी, आम्ही ऑफिसात असताना कन्येचा फोनवर निरोप आला. मजकूर काही नाही, नुसता फोटो. शुवेखच्या कुठल्याशा पार्किंगमध्ये गाडी थांबवून काट्याचा काढलेला. आकडा होता १,६४८. खाली दोन शब्द: "झालं, बाबा."